अभयारण्यातून रेल्वे किंवा महामार्ग जाणार असेल, तर वन्यजीवांवरचा परिणाम कोण तपासतं?

९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका रेल्वे प्रकल्पाची वन्यजीव परवानगी रद्द केली. कर्नाटकातल्या तिनईघाट आणि कॅसलरॉकपासून गोव्यातल्या कुळेपर्यंत, दूधसागर धबधब्यासमोरून उतरणाऱ्या एकेरी लोहमार्गाशेजारी दुसरा मार्ग टाकायचा होता. हा घाट गोव्यातलं भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांमधून जातो. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला होता. कागदोपत्री सगळं सुरळीत दिसत होतं.

अभयारण्यातून रेल्वे कधीच नेता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं नाही. आक्षेप त्याहून साधा होता. दुसऱ्या मार्गामुळे इथल्या जैवविविधतेवर काय परिणाम होईल, याचा तपशीलवार अभ्यास झालेलाच नाही, आणि तो परवानगी देण्याआधी व्हायला हवा होता.

देशातल्या अत्यंत संरक्षित जंगलातून जाणाऱ्या प्रकल्पाला परिणाम न तपासता परवानगी कशी मिळू शकते? याचं उत्तर मोलेपुरतं मर्यादित नाही. महाराष्ट्रात पेंचपासून मेळघाटापर्यंत हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला आहे.

मोलेत नेमकं काय होणार होतं?

गोव्याच्या पूर्वेला, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचं जंगल आहे. उत्तरेला म्हादई अभयारण्य, दक्षिणेला नेत्रावळी, सीमेपलीकडे कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प. नकाशावर हे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे दिसतात. वाघाला किंवा गव्याला ते एकच जंगल आहे.

या जंगलातून एकाच वेळी तीन प्रकल्प जाणार होते. अनमोड ते मोले हा महामार्ग चौपदरी होणार होता. छत्तीसगडच्या दिशेनं येणारी वीज गोव्यात आणण्यासाठी ४०० किलोव्होल्टची वाहिनी टाकायची होती. आणि तिसरा प्रकल्प रेल्वेच्या दुपदरीकरणाचा. २०१९च्या अखेरीपासून एप्रिल २०२०पर्यंत स्थायी समितीच्या बैठकांमध्ये हे प्रस्ताव मार्गी लागले. एप्रिलची बैठक टाळेबंदीच्या काळात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर झाली होती.

त्यानंतर गोव्यात जे घडलं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. विद्यार्थी, वकील, चित्रकार आणि संशोधक यांनी मिळून 'सेव्ह मोले' मोहीम उभी केली. नोव्हेंबर २०२०मध्ये चांदर गावात हजारो लोक रात्रभर रेल्वे फाटकाजवळ बसून राहिले. दुसरा लोहमार्ग मुख्यतः मुरगाव बंदरातला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे नेण्यासाठी आहे, असा आंदोलकांचा आरोप होता. रेल्वेचं म्हणणं वेगळं होतं. हा घाट ३७ फुटांना १ फूट इतका चढाचा आहे, अवजड गाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागतात, आणि एकेरी मार्गामुळे प्रवासी व माल दोन्ही वाहतूक तुंबते. घाटाची ही अडचण खरी आहे, कोणी काल्पनिक म्हणू शकणार नाही.

गोवा फाउंडेशन या संस्थेनं सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीकडे, म्हणजे सीईसीकडे दाद मागितली. एप्रिल २०२१मध्ये या समितीनं अहवाल दिला. त्यात रेल्वेची परवानगी रद्द करावी आणि वीजवाहिनी नवं जंगल तोडण्याऐवजी जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून न्यावी, अशा शिफारशी होत्या. घाटाच्या चढामुळे हा मुळातच रेल्वेच्या जाळ्यातला अकार्यक्षम टप्पा आहे, दुसरा मार्ग टाकून त्याच टप्प्याची क्षमता वाढवण्याचं समर्थन करता येत नाही, असं समितीचं मत होतं. म्हणजे चढाचा जो मुद्दा रेल्वेनं दुपदरीकरणासाठी पुढे केला, तोच समितीनं दुपदरीकरणाच्या विरोधात वापरला. वर्षभरानं न्यायालयानं रेल्वेबाबतची शिफारस स्वीकारली. वीजवाहिनीबाबतही जुन्या पट्ट्याचा पर्याय मान्य झाला.

परवानगी एक नसते, तीन असतात

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. 'पर्यावरण परवानगी मिळाली' अशी बातमी येते तेव्हा ती नेमकी कोणती, हे पाहावं लागतं.

पहिली पर्यावरण मंजुरी. ती १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार मिळते आणि तिच्यासाठी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन, म्हणजे ईआयए अहवाल करावा लागतो. दुसरी वन मंजुरी. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली (२०२३मध्ये या कायद्याचं नाव आणि काही तरतुदी बदलल्या) ती घ्यावी लागते. तिसरी वन्यजीव मंजुरी, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालची. जमीन अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा व्याघ्र प्रकल्पात असेल तर ही तिसरी लागते. दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या भ्रमणमार्गातल्या जमिनीलाही ती लागू होते, आणि तिथे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्लाही घ्यावा लागतो.

आता मोलेच्या बाबतीतली मेख. २००६च्या अधिसूचनेला जोडलेल्या यादीत ज्या प्रकारचे प्रकल्प आहेत, त्यांनाच ईआयए बंधनकारक आहे. खाणी आहेत, धरणं आहेत, विमानतळ आहेत, ठरावीक मर्यादेवरचे महामार्ग आहेत. रेल्वेमार्ग त्या यादीत नाहीत. वीजवाहिन्याही नाहीत. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या लोहमार्गासाठी ईआयए अहवाल करा, असं कोणी कायद्यानं सांगूच शकत नव्हतं. ज्या अहवालात परिणाम तपासले जाणं अपेक्षित असतं, तो अहवालच या प्रकल्पाला लागू नव्हता. उरली फक्त वन्यजीव मंजुरी, आणि तिच्यासाठी परिणामांचा किती खोल अभ्यास हवा, याचा ईआयएसारखा ठरलेला साचा नाही.

वन्यजीव मंजुरीचा प्रस्ताव स्थानिक वनाधिकाऱ्यांपासून सुरू होतो. मग मुख्य वन्यजीव रक्षक, राज्य वन्यजीव मंडळ, राज्य सरकार आणि शेवटी दिल्लीतली स्थायी समिती. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असले तरी प्रकल्पांचे निर्णय प्रत्यक्षात ही छोटी समितीच घेते. तिचे अध्यक्ष केंद्रीय पर्यावरणमंत्री असतात. एका बैठकीत अनेक राज्यांतले अनेक प्रस्ताव असतात. समिती जागेची पाहणी करायला सदस्य पाठवू शकते, पण प्रत्येक वेळी पाठवलंच पाहिजे असं नाही.

कायद्याची भाषा मात्र फारच कडक आहे. अभयारण्याबाबतचं कलम २९ आणि राष्ट्रीय उद्यानाबाबतचं कलम ३५(६) वाचलं तर चकित व्हायला होतं. अधिवासाची हानी करणाऱ्या कोणत्याही कामाला मनाई आहे. अपवादाची परवानगी द्यायची ती तिथल्या वन्यजीवांच्या सुधारणेसाठी आणि चांगल्या व्यवस्थापनासाठी गरज असेल तरच. चौपदरी महामार्गामुळे गव्यांचं व्यवस्थापन कसं सुधारतं, हे समजावून सांगणं कोणालाही अवघडच जाईल. तरीही असे प्रस्ताव येतात आणि अटी घालून मंजूर होतात.

अहवाल लिहितं कोण?

ईआयए लागू असलेल्या प्रकल्पांत तरी चित्र चांगलं असतं का? अहवाल तयार करणारी सल्लागार कंपनी प्रकल्प यंत्रणाच निवडते आणि तिचे पैसेही तीच देते. सल्लागाराला अधिस्वीकृती लागते, हे खरं. पण 'इथे हा प्रकल्प नको' असं लिहिणाऱ्या सल्लागाराला पुढचं काम कोण देईल, हा प्रश्न उरतोच. अहवालाचा निष्कर्ष बहुतेक वेळा 'परिणाम होतील, पण उपाययोजना केल्यास ते कमी होतील' असाच का असतो, हे समजायला यापेक्षा वेगळं कारण शोधावं लागत नाही.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. बऱ्याच प्रकल्पांत पावसाळा वगळून एका हंगामाची, म्हणजे साधारण तीन महिन्यांची माहिती पुरेशी धरली जाते. हवा आणि पाण्याचे नमुने घ्यायला ही पद्धत कदाचित चालत असेल. सह्याद्रीतल्या जीवसृष्टीसाठी ती उलटी आहे. बेडूक पावसाळ्यात आवाज देतात, तेव्हाच दिसतात आणि तेव्हाच अंडी घालतात. जमिनीखाली राहणारे, पाय नसलेले देवगांडूळ सापडतात तेही पावसातच. कासच्या सड्यावर फेब्रुवारीत गेलेल्या माणसाला नुसता काळा खडक दिसेल. सह्याद्रीच्या जंगलाची यादी हिवाळ्यात केली, तर ती अपुरी राहणार हे अहवाल लिहिण्याआधीच ठरलेलं असतं. मग उरलेल्या जागा जुन्या पुस्तकांतून आणि वन विभागाच्या यादीतून भरल्या जातात. अशा यादीतून त्या जंगलात कोणकोण आहे हे कळतं. प्रकल्पाच्या पट्ट्यात कोण राहतं, कुठून ये-जा करतं, हे कळत नाही.

हेक्टरमध्ये न मावणारं नुकसान

प्रस्तावाच्या अर्जात सगळ्यात ठळक आकडा असतो किती हेक्टर जमीन लागणार याचा. बातमीतही तोच येतो. रस्ता, रेल्वे, वीजवाहिनी, कालवा अशा लांबट प्रकल्पांत हा आकडा नेहमी लहान दिसतो, आणि तिथेच फसगत होते.

एक सोपं गणित करून बघू. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी साधारण ४६ मीटर रुंद पट्टा मोकळा ठेवावा लागतो. अशी वाहिनी १० किलोमीटर जंगलातून गेली, तर ४६ हेक्टर जागा जाते. शेकडो चौरस किलोमीटरच्या जंगलात ४६ हेक्टर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण घनदाट जंगल कापलं की त्याची कड उघडी पडते. कडेला ऊन आणि वारा आत शिरतो, जमीन कोरडी होते, रानमोडी आणि घाणेरी माजते, उन्हाळ्यात वणवा सहज आत येतो. समजा, हा बदल दोन्ही बाजूंना फक्त १०० मीटरपर्यंत पोहोचतो. मग बाधित जागा आणखी २०० हेक्टरनं वाढते. अर्जात मात्र ४६च दिसतात.

त्याहून मोठा परिणाम तुटण्याचा. शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, शक्यतो जमिनीवर उतरत नाही. त्याचं आयुष्य एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्यावर उडी मारण्यात जातं. लाजवंती तर उडीही मारत नाही, ती फांदीला फांदी धरून सावकाश सरकते. वर छत तुटलं की जंगलाचे दोन भाग या प्राण्यांसाठी दोन वेगळी बेटं होतात. वाघाच्या डोळ्यांनी पाहिलं तर ४६ मीटरची ही फट किरकोळ आहे. लाजवंतीला ती पार करणं जवळपास अशक्य. परिणाम किती, याचं उत्तर कोणत्या प्राण्यासाठी यावर अवलंबून असतं, आणि बहुतेक अहवाल हा प्रश्न फक्त मोठ्या, देखण्या प्राण्यांपुरता विचारतात.

रस्त्यांबाबत आणखी एक गैरसमज आहे. गाडीखाली सापडून मेलेल्या प्राण्यांची संख्या कमी असेल, तर रस्ता निरुपद्रवी आहे असं मानलं जातं. वाहतूक विरळ असते तेव्हा प्राणी रस्ता ओलांडायला धजावतात आणि काही मरतात. वाहतूक वाढत गेली की मृत्यू वाढतात. पण एका मर्यादेनंतर गाड्यांची रांग इतकी सलग होते की अनेक प्राणी प्रयत्नच सोडून देतात. मृत्यूंचा आकडा खाली येतो. अहवालात ही सुधारणा म्हणून नोंदवली जाऊ शकते. प्रत्यक्षात रस्त्याची भिंत झालेली असते. एका बाजूला पाणवठा, दुसऱ्या बाजूला प्राणी. काही पिढ्यांनंतर दोन्हीकडच्या प्राण्यांचे आपसांतले संबंध संपतात आणि लहान गट आतल्या आत कमकुवत होत जातो. मेलेल्या प्राण्याचा फोटो निघतो, न जन्मलेल्या बछड्याचा निघत नाही.

आणि मग बेरीज. मोलेत तीन प्रकल्पांच्या तीन फायली होत्या. रस्त्याच्या फाईलमध्ये रस्त्याचे परिणाम, वाहिनीच्या फाईलमध्ये वाहिनीचे. पण जंगलातला गवा एकाच आठवड्यात तिन्हींना सामोरा जाणार होता. तीन फटी एकमेकांपासून काही किलोमीटरवर असतील, तर मधले पट्टे किती प्राण्यांना पुरतील? या प्रश्नाचं उत्तर देणं कोणत्याच एका यंत्रणेचं काम नव्हतं, त्यामुळे ते कोणी दिलंही नाही. विरोधकांचा सर्वांत बिनतोड मुद्दा कोळशाचा नव्हता, हा होता.

पेंचमध्ये वेगळं काय झालं?

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, आधी क्रमांक ७ आणि आता ४४, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. इथूनच कान्हा आणि पेंच यांना जोडणारा वाघांचा भ्रमणमार्ग आहे. महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आणि न्यायालयांत गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं या रस्त्याच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. प्राण्यांसाठी किती मोठे भुयारी मार्ग हवेत, यावर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि महामार्ग प्राधिकरण यांच्यात बरीच घासाघीस झाली. एका बाजूला प्राण्याची गरज, दुसऱ्या बाजूला मीटरमागे वाढणारा खर्च.

शेवटी महाराष्ट्रातल्या टप्प्यात नऊ रचना उभ्या राहिल्या. त्यात पाच प्राण्यांसाठीचे भुयारी मार्ग आणि चार लहान पूल. रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. इथे रस्ता उचलून घेतला आहे आणि जंगल खालून सलग आहे. गाडीतून जाताना कळतही नाही की आपण पुलावर आहोत.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. रचना बांधल्यावर त्यांचा उपयोग होतो का, हे तपासलं गेलं. संस्थेनं मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तिथे कॅमेरे लावले. १८ जातींचे वन्यप्राणी या मार्गांखालून जाताना टिपले गेले. वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रं मिळाली आणि ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा इथून गेले. सर्वाधिक नोंदी अपेक्षेप्रमाणे चितळांच्या. देशभरातले अधिकारी आता हेच आकडे प्रत्येक नव्या रस्त्याच्या समर्थनासाठी वापरतात.

ते वापरताना दोन गोष्टी गाळल्या जातात. पहिली, पेंचमधला रस्ता आधीपासून होता, तो हलवण्याचा पर्याय हातातून गेलेला होता. भुयारी मार्ग तिथे दुसऱ्या क्रमांकाचं उत्तर होतं. दुसरी, ७५० मीटर रुंद मार्ग चालला म्हणून कुठल्यातरी घाटात पाण्याच्या निचऱ्यासाठी घातलेली मोरी 'वन्यजीव मार्ग' म्हणून चालेल, असं होत नाही. आणि झाडावरच राहणाऱ्या प्राण्यांना जमिनीवरच्या भुयाराचा काय उपयोग?

परिणाम मूल्यांकनाचं शास्त्र शिकवणारे जगभर एक क्रम सांगतात. आधी टाळा. टाळता येत नसेल तर कमी करा. झालेलं नुकसान दुरुस्त करा. शेवटी, काहीच उरलं नसेल तर भरपाई द्या. आपल्याकडच्या अनेक फायलींमध्ये हा क्रम शेवटून सुरू होतो. पर्यायी वनीकरणाची जमीन आणि रक्कम आधी ठरते, मार्ग बदलता येईल का हा प्रश्न परिशिष्टात एका परिच्छेदात निकालात निघतो.

टाळणं शक्य असतं याचं उदाहरण मेळघाटात आहे. अकोला-खांडवा हा जुना मीटरगेज मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आतून जात होता. तो ब्रॉडगेज करायचं ठरलं, तेव्हा आतलाच मार्ग रुंद करावा की जंगलाला वळसा घालावा, यावर मोठा वाद झाला. वळशाचा मार्ग लांब आहे आणि खर्चही जास्त. पण तो बुलढाणा जिल्ह्यातल्या अशा गावांजवळून जातो, जिथे याआधी रेल्वे नव्हती. अखेर बाहेरचा पर्याय स्वीकारला गेला. जंगलातून जाणारी गाडी अभयारण्याच्या आत फारशा प्रवाशांना उपयोगी नव्हती, हे या वादात उशिरा का होईना लक्षात आलं.

युरोपात हे कसं चालतं?

युरोपीय संघाचा अधिवासांबाबतचा कायदा १९९२चा आहे. संरक्षित जागेवर परिणाम करू शकणाऱ्या प्रत्येक योजनेचं, इतर योजनांसह एकत्रित, मूल्यांकन करावं लागतं. आणि जागेच्या मूळ स्वरूपाला धक्का लागणार नाही अशी खात्री पटल्यावरच परवानगी देता येते. नेदरलँड्समधल्या वाडन समुद्रात यंत्रानं शिंपले काढण्याच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयानं २००४मध्ये याचा अर्थ स्पष्ट केला. शास्त्रीयदृष्ट्या वाजवी शंका उरत असेल तर परवानगी नाही. २०१८मध्ये आणखी एक निकाल आला. मूल्यांकन लागेल की नाही हे ठरवण्याच्या पहिल्या टप्प्यावर उपाययोजनांचा आधार घेता येणार नाही. म्हणजे 'आम्ही भुयारी मार्ग बांधू, तेव्हा अभ्यासाची गरज नाही' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. पर्याय नसेल आणि सार्वजनिक हित फारच मोठं असेल तर अपवाद आहे, पण तेव्हाही भरपाई बंधनकारक.

या कडकपणाची किंमत आहे. इंग्लंडमध्ये हाय स्पीड २ या रेल्वेमार्गावर वटवाघळांच्या संरक्षणासाठी सुमारे एक किलोमीटर लांबीचं आच्छादन बांधावं लागलं. त्याचा खर्च १० कोटी पौंडांहून जास्त असल्याचं २०२४मध्ये समोर आलं, तेव्हा तिथे मोठी टीका झाली. नियम सैल करा, अशी मागणी ब्रिटनमध्ये तेव्हापासून आणखी जोरात आहे. भारतातली अडचण याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. इथे शंका उरली तर तिचा फायदा प्रकल्पाला मिळतो. अभ्यास परवानगीनंतर करा, अशी अट घालून परवानगी दिली जाते. मोलेच्या निकालात न्यायालयानं नेमकी हीच पद्धत चुकीची ठरवली आणि सावधगिरीचं तत्त्व पुढे ठेवलं.

सामान्य माणसाला यात कुठे बोलता येतं?

ईआयए लागू असलेल्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रात सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. महाराष्ट्रात मराठीत, गोव्यात कोकणी किंवा मराठीत. वन्यजीव मंजुरीला अशी सुनावणी नाही. तिथे हाताशी असतात ते स्थायी समितीच्या बैठकांचे इतिवृत्त आणि 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावरचे प्रस्ताव. दोन्ही इंग्रजीत असतात आणि वाचायला कंटाळवाणे, पण मोलेच्या आंदोलकांचं सगळं काम त्यांवरच उभं राहिलं.

अहवाल हाती आला तर शेवटच्या पानावरचा निष्कर्ष आधी वाचू नये, तो ठरलेला असतो. सर्वेक्षण कोणत्या महिन्यांत झालं ते पाहावं. प्राण्यांच्या यादीत प्रत्येक नोंद कुठे आणि कधी झाली याचा उल्लेख आहे का, की नुसती नावं आहेत? पर्यायी मार्ग किती तपासले, आणि ते नाकारण्याचं कारण खर्चाखेरीज काही आहे का? त्याच जंगलातल्या इतर प्रकल्पांचा उल्लेख आहे का? सुचवलेला भुयारी मार्ग नेमक्या कोणत्या प्राण्यासाठी आहे आणि त्या प्राण्याच्या वाटेवर आहे का, की अभियांत्रिकीच्या सोयीनं जिथे नाला आहे तिथे? स्थानिक गुराखी, धनगर, गावकरी यांना हे प्रश्न विचारले तर उत्तरं पटकन मिळतात. अहवालात त्यांची साक्ष क्वचितच असते.

मोलेत पुढे काय?

न्यायालयानं रेल्वेचं दार कायमचं बंद केलेलं नाही. प्रकल्प यंत्रणेनं अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातल्या जैवविविधतेवर होणाऱ्या परिणामांचा तपशीलवार अभ्यास करावा आणि नव्यानं प्रस्ताव मांडावा, त्याचा विचार कायद्याप्रमाणे होईल, अशी मुभा ठेवली आहे. गोव्यात अभयारण्याबाहेरच्या काही टप्प्यांत दुपदरीकरणाचं काम पुढे गेलं आहे. त्यामुळे मधला घाटाचा तुकडा तेवढा एकेरी राहिल्याचा दबाव वाढत जाणार, हे उघड आहे. दरम्यान जुलै २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं राज्यात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि गोवा सरकारनं त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मोलेचं जंगल आलं, तर दुपदरीकरणाच्या पुढच्या प्रस्तावाला राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या टेबलावरूनही जावं लागेल.